राष्ट्रपती दलित, बातमी मात्र त्यांचीच!

राष्ट्रपतीपदाच्या निवडणुकीत तुम्हाआम्हाला मत नसते. ही साधी गोष्ट आपल्या देशातील प्रसारमाध्यमे दर पाच वर्षांनी विसरतात, किंवा विसरल्याचे सोंग घेतात. २०१७ च्या जुलैत झालेल्या निवडणुकीत मतदार होते अवघे ४,८९६. त्यात ७७६ खासदार आणि ४,१२० आमदार. महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचे मूल्य १७५, उत्तर प्रदेशच्या आमदाराचे २०८, सिक्कीमच्या आमदाराचे ७ आणि खासदाराचे ७०८. कोणाकडे किती मते हा बेरजेचा हिशेब होता आणि तो उमेदवारी जाहीर झाल्यावर दोन-चार दिवसांतच मिटला होता. तरीही संपूर्ण महिनाभर 'दलित', 'दलित', 'दलित' अशी हाकाटी वृत्तवाहिन्यांनी आणि वृत्तपत्रांनी पिटली. आमचा प्रश्न असा की, ज्यांच्या हाती मत होते त्या ४,८९६ जणांना हे सांगायची गरज नव्हती. मग हा प्रचार चालला होता तरी कोणासाठी?

तो आमच्यासाठी चालला होता. ज्यांना त्या निवडणुकीत मत नव्हते, पण २०१९ च्या लोकसभेला मत असणार होते, त्या वस्त्यांसाठी, त्या बुद्धविहारांच्या ओट्यांवर पेपर वाचणाऱ्यांसाठी चालला होता. राष्ट्रपतीपदाचा उमेदवार ही मालाची जाहिरात होती आणि वृत्तपत्रांनी ती फुकट छापली. द्रौपदी मुर्मू यांची मुदत २०२७ च्या जुलैत पूर्ण होते. त्या वेळी पुन्हा नावे उडू लागतील, पुन्हा जातीचे दाखले काढले जातील, म्हणून २०१७ चा तो महिना आम्ही आज मुद्दाम उकरून काढीत आहोत.

आठवून पाहा. १९ जून २०१७ रोजी भाजपचे तत्कालीन अध्यक्ष अमित शहा यांनी बिहारचे राज्यपाल रामनाथ कोविंद यांचे नाव जाहीर केले. पहिल्या तासाभरात दिल्लीच्या पत्रकारांची जी तारांबळ उडाली ती पाहण्यासारखी होती. 'कोण हे कोविंद?' असा सवाल छोट्या पडद्यावर झळकू लागला. हा माणूस १९९४ पासून २००६ पर्यंत सलग बारा वर्षे राज्यसभेत होता. भाजपच्या अनुसूचित जाती मोर्चाचा अध्यक्ष होता, पक्षाचा प्रवक्ता होता, दोन वर्षे एका मोठ्या राज्याचा राज्यपाल होता. संसदेच्या आवारात ज्यांचे आयुष्य गेले त्या पत्रकारांना बारा वर्षांत हा खासदार दिसला नाही! कोविंद यांच्या राजकारणाशी आमचे काडीचे जमत नाही. पण ज्यांना ते अनोळखी वाटले त्यांच्या अनोळखीपणाचे कारण कोविंद नव्हते, ते स्वतः होते. बारा वर्षे समोर असलेला दलित खासदार ज्यांना दिसत नाही, त्यांना एका दुपारी तो 'दलित चेहरा' म्हणून लख्ख दिसू लागतो. चेहरा तेवढा दिसला. माणूस नंतरही दिसला नाही.

दुसरा शब्द आला 'मास्टरस्ट्रोक'. तिसरा आला 'दलित कार्ड'. कार्ड म्हणजे पत्ता. पत्त्याला तोंड नसते, त्याला कोणी विचारत नाही, तो खेळणाऱ्याच्या हातात असतो आणि डाव संपला की गड्डीत जातो. हा शब्द वापरताना एकाही संपादकाला संकोच वाटला नाही. त्यातला एकही जण असे म्हणाला नाही की, अरे, आपण उद्याच्या राष्ट्रप्रमुखाविषयी बोलत आहोत!

आणि काँग्रेसवाले? त्यांचे तर वेगळेच. १९ जूनपर्यंत विरोधकांच्या गोटात गोपालकृष्ण गांधी यांचे नाव आघाडीवर होते. तोवर कोणाला दलित आठवला नव्हता. भाजपने कोविंद यांचे नाव काढताच तीन दिवसांत चक्रे फिरली. शरद पवारांनी सुशीलकुमार शिंदे, भालचंद्र मुणगेकर आणि मीराकुमार ही नावे पुढे केल्याच्या बातम्या आल्या. डाव्यांकडून प्रकाश आंबेडकर यांच्या नावाची चर्चा झाली. आणि २२ जूनला मीराकुमार यांच्या नावावर शिक्कामोर्तब झाले. गोपालकृष्ण गांधी यांना पुढे उपराष्ट्रपतीपदाची उमेदवारी देऊन त्यांची समजूत काढण्यात आली. म्हणजे समोरच्याने दलित उभा केला म्हणून यांनी दलित उभा केला. मीराकुमार या परराष्ट्र सेवेत काम केलेल्या, लोकसभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष. १९८५ च्या बिजनौर पोटनिवडणुकीत रामविलास पासवान आणि मायावती अशा दोघांना हरवून त्या संसदेत आल्या होत्या. पात्रता कोणापेक्षा कमी नव्हती. पण उमेदवारी मिळाली ती पात्रतेमुळे की १९ जूनच्या धसक्यामुळे, हे विचारायचे धाडस काँग्रेसधार्जिण्या संपादकांना झाले नाही. त्यांनीही मथळा दिला 'दलित विरुद्ध दलित'.

त्या मथळ्यावर आम्ही जरा थांबू इच्छितो. २०१२ साली प्रणव मुखर्जी आणि पी. ए. संगमा यांची लढत झाली. त्या वेळी 'ब्राह्मण विरुद्ध आदिवासी' असा मथळा तुम्ही कुठे वाचला? संगमा स्वतःला आदिवासी म्हणवीत होते, तर ते 'ट्रायबल कार्ड' ठरले. मुखर्जी मात्र 'अनुभवी मुत्सद्दी', 'राजकारणातले चाणक्य'. राष्ट्रपती झाल्यावरही ते मिराटी या आपल्या गावी जाऊन दुर्गापूजा करीत, त्याची छायाचित्रे छापून येत, आणि ती जातीची बातमी ठरत नसे. ती 'परंपरेची' बातमी असे. उच्चवर्णीयाची जात संस्कृतीच्या पानावर जाते आणि आमची राजकारणाच्या. मीराकुमार यांनी २०१७ च्या जूनअखेर पत्रकारांसमोर हेच विचारले होते की, याआधीच्या उमेदवारांच्या जातीची चर्चा कधी झाली का? प्रश्न बिनतोड होता. छापला गेला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच मथळा.

हा मथळा नवाही नाही. १९५२ साली उत्तर मुंबईच्या राखीव जागेवर बाबासाहेबांविरुद्ध काँग्रेसने नारायण काजरोळकर यांना उभे केले आणि संविधानाचे शिल्पकार पराभूत झाले. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा तेच घडले, तिथे भाऊराव बोरकर होते. दलितांविरुद्ध दलित उभा करायचा आणि निवडून कोण येणार हे दलितेतरांच्या मतांनी ठरवायचे, ही युक्ती पुणे करारानंतरची आहे. मान्यवर कांशीराम यांनी २४ सप्टेंबर १९८२ रोजी, पुणे कराराला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, 'चमचा युग' हे पुस्तक प्रसिद्ध केले ते याच कारणाने. २०१७ मध्ये फरक एवढाच होता की दोन्ही बाजूंचे उमेदवार त्यांचेच होते. चळवळीचा उमेदवार रिंगणातच नव्हता. भांडण दलितांचे, आखाडा त्यांचा, पंच त्यांचा, आणि वर्णन करणाराही त्यांचाच.

वर्णन करणारा त्यांचा, हे आम्ही उगाच म्हणत नाही. १९९६ साली बी. एन. उनियाल यांनी 'पायोनियर'मध्ये लेख लिहून दिल्लीत एकही दलित पत्रकार सापडत नसल्याचे सांगितले. २००६ साली योगेंद्र यादव, अनिल चमडिया आणि जितेंद्र कुमार यांनी दिल्लीतल्या ३७ माध्यमसंस्थांतील ३१५ निर्णय घेणाऱ्या माणसांची पाहणी केली. त्यात एकही दलित नव्हता, एकही आदिवासी नव्हता. ७१ टक्के जागांवर हिंदू उच्चवर्णीय पुरुष होते. २०१९ साली ऑक्सफॅम आणि न्यूजलाँड्री यांचा अहवाल आला. माध्यमांतील नेतृत्वाच्या १२१ जागा तपासल्या, १०६ उच्चवर्णीयांकडे निघाल्या. अनुसूचित जाती-जमातींचा आकडा शून्य. म्हणजे १९९६ ते २०१९ या काळात देशाला दोन दलित राष्ट्रपती मिळाले, पण मोठ्या वृत्तपत्राला एक दलित संपादक मिळाला नाही. राष्ट्रपती भवनाचा दरवाजा उघडणे सोपे, वृत्तसंपादकाच्या खोलीचा कठीण! बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढले तेव्हा पैसे देऊनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नव्हती. आता जाहिरात न मागता छापतात, एवढीच प्रगती. फक्त ती आमची नसते.

त्या महिन्यात विचारायचे प्रश्न कमी नव्हते. रोहित वेमुलाला जाऊन दीड वर्ष झाले होते. उनाच्या चार तरुणांच्या पाठीवरचे वळ देशाने वर्षभरापूर्वी पाहिले होते. ५ मे २०१७ रोजी सहारनपूर जिल्ह्यातल्या शब्बीरपूरमध्ये दलितांची घरे जाळली गेली. भीम आर्मीचे चंद्रशेखर आझाद यांना ८ जूनला अटक झाली, म्हणजे कोविंद यांच्या नावाची घोषणा होण्याच्या अकरा दिवस आधी. कोविंद स्वतः त्याच राज्यातल्या कानपूर देहातचे. त्यांना कोणी विचारले का, शब्बीरपूरविषयी आपले मत काय? २०१० साली भाजपचे प्रवक्ते म्हणून त्यांनी रंगनाथ मिश्रा आयोगाच्या शिफारशींना, दलित मुस्लिम आणि दलित ख्रिश्चनांना अनुसूचित जातीचा दर्जा देण्याला विरोध केला होता. ती भूमिका कायम आहे का? मीराकुमार यांना विचारले का, आपल्या पक्षाच्या साठ वर्षांच्या राजवटीत राखीव जागांचा अनुशेष का राहिला? छे! चर्चा कशाची? तर सुषमा स्वराज यांनी मीराकुमार यांच्या लोकसभाध्यक्षपदाच्या काळातली एक जुनी चित्रफीत टाकली, तिची. कोण जास्त दलित, कोणाचे घर मातीचे आणि कोणाचे बंगल्याचे, याची. जगजीवनराम यांची कन्या म्हणून मीराकुमार 'खऱ्या दलित' नाहीत, असे सांगायलाही काही महाभाग सरसावले. त्यांना आम्ही १९७८ ची आठवण करून देतो. देशाचे संरक्षणमंत्री असलेल्या जगजीवनराम यांनी वाराणसीत संपूर्णानंद यांच्या पुतळ्याचे अनावरण केले, आणि ते गेल्यावर तो पुतळा गंगाजलाने धुण्यात आला. बंगला जातीचा डाग धूत नाही.

आपल्या महाराष्ट्रातही तमाशा रंगला. १९ जूनलाच शिवसेनेचा वर्धापनदिन होता. दलितांची मते मिळवण्यासाठी कोणी दलित उमेदवार देत असेल तर आम्हाला त्यात रस नाही, अशा आशयाचे विधान उद्धव ठाकरे यांनी व्यासपीठावरून केले. दुसऱ्याच दिवशी पाठिंबा जाहीर झाला. त्याआधी याच सेनेने सरसंघचालक मोहन भागवत यांचे नाव राष्ट्रपतीपदासाठी सुचवले होते, हेही वाचकांनी विसरू नये. सेनेचा हा इतिहास जुना आहे, आणि तो सांगताना आमचा हात थरथरतो.

१९९७ साली के. आर. नारायणन यांच्याविरुद्ध टी. एन. शेषन उभे होते आणि शेषन यांच्या पाठीशी शिवसेना होती. महाराष्ट्रात तेव्हा युतीचे राज्य. ११ जुलै १९९७ च्या सकाळी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातल्याचे दिसले, लोक रस्त्यावर आले, आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात १० जण ठार झाले. १४ जुलैला, म्हणजे तीनच दिवसांनी, राष्ट्रपतीपदाचे मतदान झाले. मुंबईत आमदारांनी मते टाकली तेव्हा रमाबाई नगरातल्या चितांची राख गरम होती. १५ जुलैला शाहीर विलास घोगरे यांनी गळफास लावून घेतला. १७ जुलैला निकाल आला. नारायणन यांना ९,५६,२९० मतमूल्य, शेषन यांना ५०,६३१, अनामत जप्त. वर्तमानपत्रांनी 'पहिला दलित राष्ट्रपती' म्हणून लोकशाहीचे गोडवे गायले. त्याच वर्तमानपत्रांत आतल्या पानांवर जमाव टँकर पेटवायला निघाला होता हे पोलिसांचे म्हणणे चाललेले होते. एका पानावर दलिताला देशाचे पहिले नागरिकत्व, दुसऱ्या पानावर दलितच दंगेखोर! गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या फौजदाराला सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली ती २००९ साली, बारा वर्षांनी. ती बातमी केवढी होती हे ज्यांनी तेव्हा पेपर चाळले त्यांना ठाऊक आहे.

पण नारायणन यांनी पुढे काय केले, ते सांगितलेच पाहिजे. कारण 'राष्ट्रपती काय, रबरी शिक्का' असे म्हणून हात झटकणारे आमच्यातही आहेत. बाबासाहेबांनी संविधान सभेत स्पष्ट केले होते की आपला राष्ट्रपती राष्ट्राचे प्रतिनिधित्व करतो, राज्य करीत नाही. मंत्रिमंडळाचा सल्ला त्याला बांधील आहे. मात्र ४४ व्या घटनादुरुस्तीने एकदा तो सल्ला फेरविचारासाठी परत पाठवण्याचा अधिकार त्याला दिला. नारायणन यांनी तेवढाच अधिकार वापरला आणि तो पुरेसा ठरला. १९९७ च्या ऑक्टोबरात उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची गुजराल सरकारची शिफारस त्यांनी परत पाठवली; तिचा फायदा कल्याणसिंग यांच्या भाजप सरकारला झाला, हे मुद्दाम नोंदवतो. १९९८ मध्ये बिहारबाबत वाजपेयी सरकारची शिफारसही परत पाठवली. सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश नेमताना अनुसूचित जाती-जमातींमधल्या पात्र माणसांचा विचार व्हावा असे त्यांनी फाइलवर लिहिले, तेव्हा गुणवत्तेच्या नावाने कोण ऊर बडवले गेले! आणि २००० च्या जानेवारीत, वाजपेयी सरकार संविधानाच्या पुनर्विलोकनाची भाषा करीत असताना, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात उभे राहून त्यांनी विचारले की संविधान अपयशी ठरले की आपण संविधानाला अपयशी ठरवले. सरकार समोर बसले होते. २००२ मध्ये त्यांना दुसरी संधी मिळाली नाही. ज्या दलिताने पद वापरले त्याची मुदत संपली, एवढे लिहून माध्यमे मोकळी झाली.

आता कोविंद यांची पाच वर्षे ताडून पाहा. ते ७,०२,०४४ मतमूल्याने निवडून आले, मीराकुमार यांना ३,६७,३१४ मिळाले. सप्टेंबर २०१७ मध्ये ते दीक्षाभूमीवर आले, नतमस्तक झाले, आम्हाला बरे वाटले; नाही कसे म्हणावे? पण २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲट्रॉसिटी कायद्याचे दात काढले, तेव्हा देशातले दलित २ एप्रिलला रस्त्यावर आले, अनेकांचे प्राण गेले, आणि त्यानंतर ऑगस्टमध्ये संसदेला दुरुस्ती करावी लागली. ती दुरुस्ती राष्ट्रपती भवनातून आली नाही, रस्त्यावरून आली. २०१९ च्या जानेवारीत आर्थिक निकषावरच्या १० टक्के आरक्षणाला संसदेच्या मंजुरीनंतर तीन-चार दिवसांत राष्ट्रपतींची संमती मिळाली. २०२० च्या सप्टेंबरात विरोधी पक्ष कृषी विधेयके परत पाठवा म्हणून विनवीत होते, सही झाली. त्याच महिन्यात हाथरसच्या मुलीचा देह पोलिसांनी रातोरात जाळला. पुरीच्या जगन्नाथ मंदिरात मार्च २०१८ मध्ये खुद्द राष्ट्रपती दांपत्याला सेवकांनी अडवल्याचे, धक्काबुक्की झाल्याचे वृत्त जूनमध्ये बाहेर आले. तीन महिने ते कोणाच्या टेबलावर झोपले होते? 'दलित राष्ट्रपती' म्हणून ज्यांनी ३० दिवस ढोल बडवला त्यांना राष्ट्रपतीचा दलितपणा नेमका त्या दिवशी आठवला नाही.

कोविंद यांच्याविषयी आमच्या मनात व्यक्तिशः आकस नाही. परौंखच्या गवताच्या छपराखाली जन्मलेला, पाचव्या वर्षी घराच्या आगीत आई गमावलेला मुलगा दिल्लीत वकील होतो, याची किंमत आम्हाला कळते. ती ज्यांना कळत नाही तेच तिची जाहिरात करतात.

२०२२ ची गोष्ट थोडक्यात. द्रौपदी मुर्मू यांना उमेदवारी मिळाली, त्यांनी रायरंगपूरच्या शिवमंदिरात झाडू मारला, ती चित्रफीत घराघरांत पोचली. शिक्षिका, नगरसेविका, आमदार, मंत्री, झारखंडच्या राज्यपाल, एवढे सगळे मागे पडून झाडू तेवढा पुढे आला. त्याच सुमारास बातमी आली की त्यांच्या मूळ उपरबेडा गावच्या एका पाड्यावर अजून वीज नाही. प्रशासनाची धावाधाव झाली, खांब आले, ट्रान्सफॉर्मर आला. उमेदवारी मिळाली नसती तर तो पाडा किती वर्षे अंधारात राहिला असता, हे विचारण्याची सवड कॅमेऱ्यांना नव्हती. आणि २८ मे २०२३ रोजी नव्या संसद भवनाचे उद्घाटन झाले तेव्हा आदिवासी राष्ट्रपती तिथे नव्हत्या. पंतप्रधानांनी ते केले. बहुतेक वाहिन्या त्या दिवशी सेंगोलचा इतिहास सांगण्यात दंग होत्या.

आमच्या वस्त्यांतही २०१७ साली घरोघर वाद झाले. बाप म्हणे, आपला माणूस बसतोय, नाके कशाला मुरडता. मुलगा म्हणे, आपला कुठला, संघाचा. त्या बापाचा आनंद खोटा नव्हता, ज्या माणसाने आयुष्यभर साहेबाच्या केबिनबाहेर उभे राहून काढले त्याला राष्ट्रपती भवनाच्या पायऱ्या चढणारा आपल्यासारखा माणूस पाहून भरून येणारच. त्या मुलाची चीडही खोटी नव्हती. दोघांनाही वाचायला मिळत होते ते तेच वर्तमानपत्र, ज्यात आपला माणूस लिहायला नव्हता.

तेव्हा वाचकहो, एक काम करा. २०२७ च्या उन्हाळ्यात नावे येऊ लागली की कात्रणे काढायला सुरुवात करा. कोणत्या पेपराने कोणत्या उमेदवाराची जात कोणत्या पानावर दिली, किती दिवस दिली, कोणाची दिली नाही, त्याला कोणते प्रश्न विचारले आणि कोणते गिळले, हे वहीत तारखेनिशी लिहा. उमेदवार आपल्या गावी, आपल्या विहारात आला तर त्याला हार घालण्याआधी एवढेच विचारा: सल्ला परत पाठवण्याचा जो एक अधिकार तुम्हाला आहे, तो तुम्ही कोणत्या प्रसंगी वापराल? उत्तर आले तर आम्हाला पाठवा, पहिल्या पानावर छापू. उत्तर आले नाही, तरी पाठवा.